तारखा सांगा, औषधं नंतर

सकाळी ९

माझ्या दवाखान्याच्या पाटीवर त्वचारोग, कुष्ठरोग आणि गुप्तरोग असे तिन्ही लिहिलेत, कारण आपल्याकडे एम.डी.चा अभ्यासक्रमच तिन्हींचा मिळून असतो. पेशंटची यात मोठी सोय होते. बाकावर शेजारी ओळखीचं कुणी भेटलं तर 'गजकर्ण दाखवायला आलोय' म्हणता येतं आणि ते कुणाला खोटं वाटत नाही.

एप्रिलातल्या सोलापुरात ते बहुतेक वेळा खरंही असतं. पारा चाळिशीपार, अंगाला चिकटलेली पँट, आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब. चार दिवस खाज थांबते, मग जांघेतलं गजकर्ण कमरेवर चढतं. सकाळचा पहिला दीड तास यातच जातो आणि त्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नसतं. मधेच पित्त उठणारे येतात. त्यातल्या एका पोराला घाम आला की मानेवर आणि छातीवर बारीक चुरचुरणाऱ्या गांधी येतात, गार पाण्याने अंग पुसलं की अर्ध्या तासात गायब. घामाने, श्रमाने, अंग तापल्याने उठणारं पित्त. हा प्रकार लक्षात ठेवा, दुपारी लागेल.

सकाळी ११

पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा. एकटाच. दार नीट लागलंय का ते दोनदा बघून बसला.

"सर, धातू जाते."

लघवीला जाताना पांढरं पडतं, त्यामुळे मांड्या बारीक झाल्या, डोळे आत गेले, धावायला दम पुरत नाही. चाळीस थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब होतो हा हिशोबही त्याला पाठ होता. आयुर्वेदाच्या सात धातूंत शुक्र शेवटचा, म्हणून तो सर्वांत मौल्यवान, म्हणून तो गेला की माणूस संपला, अशी ही साखळी. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या तक्रारीला 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. त्याच्याही आधी, १९२७ साली, र. धों. कर्व्यांनी मुंबईत 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि १९५३ मध्ये जाईपर्यंत एकहाती चालवलं, तेही याच जातीच्या अज्ञानाशी भांडत. गुप्तरोगाच्या चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना बंदी घालणारा कायदा १९५४ पासून आहे. तरी एसटी स्टँडच्या भिंतींवर ती पत्रकं आजही आहेत. मी त्या भिंतींवर रागावणं सोडून दिलंय.

पोराला मी ताजी लघवी आणायला सांगितली. खरोखरच गढूळ होती. परीक्षानळीत ॲसेटिक ॲसिडचे दोन थेंब टाकल्यावर त्याच्यासमोरच ती स्वच्छ झाली. फॉस्फेटचे क्षार होते. वीर्य असतं तर असं विरघळलं नसतं. हा छोटा प्रयोग अर्ध्या तासाच्या व्याख्यानापेक्षा जास्त काम करतो. मग झोप, जेवण, धावण्याचं वेळापत्रक यांवर बोललो. औषध दिलं नाही, तेव्हा मात्र त्याचा चेहरा जरा पडला.

असे पेशंट आठवड्याला येतात, आणि त्यामुळेच पुढच्या माणसाचा घात होण्याची शक्यता असते. वीर्य गेल्यावर अशक्तपणा येतो असं कुणी म्हणालं की आमच्यासारख्यांच्या हाताला सवय लागलेली असते. पेन आपोआप 'धात' लिहितं.

दुपारी साडेबारा

चिठ्ठी होती पूर्व भागातल्या एका फॅमिली डॉक्टरांची. 'धात सिंड्रोम. समजावूनही फरक नाही. वारंवार अंगदुखी, सर्दी. कृपया बघावे.' सोबत पस्तिशीचा माणूस आणि त्याची बायको. तो टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, ती घरी विड्या वळते. (ओळख पटू नये म्हणून यातले तपशील बदलले आहेत.)

नवरा-बायको दोघं मिळून गुप्तरोगाच्या डॉक्टरकडे आले, हीच माझ्यासाठी पहिली खूण. धातूचं दुखणं घेऊन येणारा माणूस बायकोला शक्यतो आणत नाही.

"काय होतंय?"

"अशक्तपणा, सर."

"अशक्तपणा नाही ओ डॉक्टर," बायको मधेच म्हणाली, "हे आजारी पडतात. मी बघते की."

मग तिनेच सांगितलं. संबंध झाला की तासाभरात ह्यांचे डोळे लाल होतात, खाजतात. नाक गळायला लागतं. अंग ठणकतं, हाताला गरम लागतं, पण थर्मामीटर लावला तर अठ्ठ्याण्णवच्या वर जात नाही. दुसऱ्या दिवशी बोलताना शब्द सापडत नाहीत, चिडचिड करतात, मागावर गेले तर कुठला धागा तुटला तेच ध्यानात येत नाही म्हणून मालकाची बोलणी खातात. तीन-चार दिवसांनी आपोआप बरे. लग्नानंतर पहिली काही वर्षं तिला वाटायचं की आपणच ह्यांना नकोशा आहोत. सासूला वाटायचं की सुनेचा पायगुण.

"हे लग्नानंतरच सुरू झालं?"

दोघं गप्प. बायकोला मी पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. एकटं बोलणं या तपासणीचा भागच आहे, आणि त्यात कुणी कुणावर संशय घेतोय असं नाही. ती गेल्यावर तो म्हणाला, मिसरूड फुटायच्या वयापासूनच आहे, हाताने केलं तरी व्हायचं. तेव्हा तो समजला होता की ही पापाची शिक्षा. नंतर एका बाबाने आणि दोन वैद्यांनी त्याची ही समजूत आणखी पक्की केली.

मी ठरलेले प्रश्न विचारायला घेतले. या आजारात निदानाचं हत्यार म्हणजे प्रश्नच.

नुसती उत्तेजना आली आणि पुढे काही झालं नाही, तर त्रास होतो? नाही. म्हणजे मनातल्या विचाराने, अपराधी वाटण्याने नाही. कारखान्यात गाठोडी उचलून घामाघूम झालात तर? नाही. तुळजापूरला पायऱ्या चढलात तेव्हा? नाही. म्हणजे सकाळच्या पोरासारखं श्रमाने, घामाने उठणारं पित्त नाही. निरोध वापरता? कधी वापरतो, कधी नाही, त्रास दोन्हींत सारखाच. म्हणजे रबराची ॲलर्जी नाही. कुठली ताकदीची गोळी? नाही. डोकं एकदम फुटल्यासारखं दुखतं, बेशुद्ध पडता, छातीत धडधडतं? नाही. याचं उत्तर हो आलं असतं तर मी बाकीचं सगळं सोडून मेंदू आणि हृदय बघायला पाठवलं असतं.

"आणि झोपेत झालं तर?"

तो एकदम माझ्याकडे बघायला लागला. "तेव्हा पण होतंय की, सर. सकाळी उठतो तो आजारीच."

बायकोला आत बोलावलं आणि काय लिहून ठेवलंय ते दाखवा म्हटलं, कारण ती मघाशी 'लिहून ठेवलंय' असं काहीतरी पुटपुटली होती. मोबाइलमध्ये भिंतीवरच्या कालनिर्णयचे फोटो होते. घरोघरी असतो तसा दुधाचा हिशोब निळ्या पेनने, आणि त्याच चौकोनांत लाल पेनने बारीक टिंबं आणि फुल्या. टिंब म्हणजे ती रात्र, फुली म्हणजे हे आजारी असलेला दिवस. तिने हे सुरू केलं होतं खाण्याचा संशय म्हणून. मटण, अंडी, वांगं, शेंगाचटणी, एकेक बंद करून बघितलं. खाण्याशी काहीच जुळेना, पण टिंबापाठोपाठ फुल्या येतात हे तिच्या लक्षात आलं. कुणी न शिकवता या बाईने एक चोख निरीक्षण उभं केलं होतं.

माझं लक्ष मात्र दुसरीकडेच गेलं. काही फुल्यांच्या आधी टिंब नव्हतंच. तीन फुल्या सलग, आणि मागे काही नाही. तिला ते कोडं वाटत होतं. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने मान खाली घातली. तारीख आठवत नव्हती त्याला, पण झोपेतली गोष्ट आठवत होती. टिंबाशिवायच्या त्या फुल्यांनी माझी खात्री बरीच वाढवली, कारण त्या मांडताना तिला कारणच माहीत नव्हतं. माणूस आपल्या समजुतीप्रमाणे आजार आठवतो, हा अशा नोंदींवरचा नेहमीचा आक्षेप; इथे तो लागू होत नव्हता.

दुपारी अडीच

ज्वारीची भाकरी, पिठलं, आणि समोर लॅपटॉप. जेवताना वाचू नये हा घरचा नियम मी दवाखान्यात मोडतो.

या आजाराचं नाव पोस्ट-ऑर्गॅझमिक इलनेस सिंड्रोम, थोडक्यात पॉइस. मार्सेल वाल्डिंगर आणि डेव्ह श्वाइट्झर या दोन डच डॉक्टरांनी २००२ मध्ये दोन पुरुषांचं वर्णन छापलं, तोवर याला नावच नव्हतं. २०११ मध्ये वाल्डिंगर यांनी ४५ डच पुरुषांची नोंद मांडली आणि निदानाचे पाच निकष सुचवले. फ्लूसारखं वाटणं, गळून जाणं, ताप असल्यासारखं वाटणं, चिडचिड, विसरणं, बोलणं अडखळणं, नाक गळणं, डोळे खाजणं यांपैकी काहीतरी हवं. ते वीर्यपतनानंतर सेकंदांत, मिनिटांत किंवा काही तासांत सुरू व्हायला हवं, मग ते संबंधाने होवो, हाताने होवो की झोपेत. दहापैकी नऊहून जास्त वेळा व्हायला हवं. दोन ते सात दिवस टिकायला हवं. आणि आपोआप जायला हवं. त्या ४५ जणांपैकी साधारण निम्म्यांना हे वयात आल्यापासूनच होतं.

कालनिर्णयची पानं मी या निकषांशेजारी ठेवून बघितली. जवळजवळ सगळं बसत होतं. 'जवळजवळ' म्हणतो, कारण मधल्या दोन टिंबांनंतर फुल्या नाहीत, आणि त्या आठवड्यात बायको माहेरी निघून गेली होती, म्हणजे नोंदच अपुरी.

आता खरा गुंता. वाल्डिंगर यांचं म्हणणं होतं की ही स्वतःच्याच वीर्याची ॲलर्जी. त्यांनी रुग्णांच्याच वीर्याचं ४०,००० पट पातळ केलेलं द्रावण त्वचेला टोचून बघितलं, आणि ३३ पैकी २९ जणांना रिॲक्शन आली. दोघांना तेच द्रावण हळूहळू वाढवत टोचून शरीराला सवय लावली. एकाला ३१ महिने, दुसऱ्याला १५ महिने, आणि त्रास अनुक्रमे ६० आणि ९० टक्के कमी झाल्याचं त्यांनी लिहिलं. वाचताना हुरूप येतो. पण २०१५ मध्ये चिनी डॉक्टरांनी त्यांच्या एका रुग्णाबरोबर निरोगी पुरुषांनाही त्यांचंच वीर्य टोचलं, तर रिॲक्शन दोघांकडेही आली, आणि रुग्णाच्या रक्तात वीर्याविरुद्धचं आयजीई, म्हणजे ॲलर्जीचं प्रतिपिंड, सापडलं नाही. म्हणजे टोचण्याची चाचणी पॉझिटिव्ह आली तरी तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. निरोगी माणसांना टोचून बघण्याचा साधा शहाणपणा आधीच व्हायला हवा होता, असं मला आजही वाटतं.

तुलनेला बायकांमधली वीर्याची ॲलर्जी घ्या. तिची पहिली नोंदही नेदरलँड्सचीच, १९५८ ची. तिथे गोष्टी बऱ्याच सरळ आहेत. वीर्यातल्या प्रथिनाचा स्पर्श, खाज, सूज, कधी श्वास अडकण्यापर्यंत मजल; निरोध वापरला की त्रास बंद. प्रोस्टेटमधलं पीएसए नावाचं प्रथिन त्यातलं एक मुख्य कारण, आणि गंमत म्हणजे नर कुत्र्याच्या प्रोस्टेटमधलं एक प्रथिन त्याच्याशी इतकं मिळतंजुळतं असतं की कुत्र्याच्या कोंड्याची ॲलर्जी असलेल्या काही बायकांना दोन्हींचा त्रास होतो. इथे स्पर्श बाहेरून होतो, म्हणून निरोध हा इलाजही असतो आणि निदानही. पुरुषाच्या बाबतीत वीर्य त्याच्या आतच तयार होतं आणि मार्गही त्याचाच, तेव्हा मधे निरोध कुठे घालणार?

दुसरी मतंही आहेत. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या एका रुग्णाला हॉर्मोनचा उपचार दिल्यावर बरं वाटल्याची नोंद आहे. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा उपयोग झाल्याचं लिहिलं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका तरुणाचा त्रास फेक्सोफेनाडिनने, म्हणजे मी रोज पित्ताला देतो त्याच गोळीने, बराच खाली आला. या सगळ्या एकेका माणसाच्या गोष्टी. कदाचित हा एक आजार नसेलही, दोन-तीन वेगळे आजार एकाच पांघरुणाखाली झोपलेले असतील.

भाकरी गार झाली होती.

दुपारी साडेचार

टोचण्याची चाचणी इथे करायची नाही, हे ठरवलं. त्वचेत वीर्य टोचणं म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका, तीव्र रिॲक्शनचा धोका, आणि हाती लागणारं उत्तर वर सांगितलं तसं दुटप्पी.

त्यापेक्षा दुसरं काही तर नाही ना, हे बघणं जास्त महत्त्वाचं. लॅबच्या चिठ्ठीवर लिहिलं: सीबीसी, शुगर, थायरॉइड, लघवी, परवानगी घेऊन एचआयव्ही आणि सिफिलिस. टेस्टोस्टेरॉन उद्या सकाळी दहाच्या आत, कारण दुपारनंतर ते उतरतं आणि उगाच कमी दिसतं. एकूण आयजीई मुद्दाम लिहिलं नाही. मागाच्या कारखान्यात सुताच्या धुळीत आयुष्य काढलेल्या, लहानपणी जंत झालेल्या माणसाचं आयजीई वाढलेलंच असणार. तो आकडा हातात आला की तो स्वतःला जन्मभर ॲलर्जीचा पेशंट समजेल आणि मलाही एक खोटा पुरावा मिळेल.

प्रोस्टेटची सूज वगळायला एका युरॉलॉजिस्ट मित्राला फोन केला. तो आधी हसला. मी कालनिर्णयबद्दल सांगितलं, तेव्हा हसायचा थांबला आणि म्हणाला, पाठव.

संध्याकाळी ७

संध्याकाळच्या ओपीडीला नोकरदार येतात. त्यातला एक दुपारच्या केसची जणू नक्कलच घेऊन आला. पन्नाशीचा दुकानदार. संबंधानंतर नाक चोंदतं, तोंड लाल होतं, दुसऱ्या दिवशी कंबर आणि मांड्या ठणकतात, दोन दिवसांत बरं. दुपारी एवढं वाचल्यावर मोह होणारच. पण आधी गोळ्यांचा प्रश्न विचारला. खिशातून पाकीट निघालं, टाडालाफिलचं, मित्राने दिलेलं. या गोळीने नाक चोंदतं, चेहरा तापतो, आणि घेतल्यावर १२ ते २४ तासांनी पाठ-मांड्या दुखून ४८ तासांत थांबतात, हे तिच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. आजार पाकिटातच होता. ब्लडप्रेशरची आणि छातीत दुखल्यास घ्यायच्या नायट्रेटची गोळी चालू नाही ना, हे खात्री करून घेतलं, कारण टाडालाफिल आणि नायट्रेट एकत्र आली तर माणूस जायचा.

दुर्मिळ आजार एकदा वाचला की तो आठवडाभर सगळीकडे दिसतो.

रात्री साडेआठ

जोडपं परत आलं. आलेले रिपोर्ट साफ होते. मी सांगितलं की याला नाव आहे, जगात इतरांना आहे, यात पाप नाही आणि वीर्य 'खर्च' होण्याचाही संबंध नाही. त्या द्रवाचा मोठा भाग वीर्यकोष आणि प्रोस्टेट यांचा, शुक्राणू त्यात चवीपुरते. तो हे ऐकत होता, पण त्याला खरं काय लागलं ते नंतरच्या वाक्याने कळलं.

"म्हणजे मी नाटक करत नव्हतो."

"नव्हता."

मग मी सावध झालो, कारण नाव मिळालं की लोकांना वाटतं औषधही मिळालं. खात्रीचा इलाज नाही, हे स्पष्ट सांगितलं. ॲलर्जीची साधी गोळी त्याच्या सोसण्यासारखी आहे, ती काही आठवडे घेऊन बघू. कालनिर्णयवर फुल्या कमी झाल्या तर चालू, नाही झाल्या तर बंद आणि दुसरा विचार. डायक्लोफेनॅक मनाने घ्यायचं नाही, मूत्रपिंड आणि पोट दोन्हींवर ते बसतं. मागाच्या कामात सुट्टी जोडून येईल असे दिवस निवडा, म्हणजे धागा तुटल्याची बोलणी तरी वाचतील.

बायकोचा प्रश्न वेगळा होता. ती दाराशी उठून उभी राहिल्यावर म्हणाली, "मूल होईल ना ओ?"

होईल. या आजाराने शुक्राणू कमी होतात असं नाही. अडचण आहे ती संबंध टाळले जाण्याची. म्हणून पाळीच्या तारखा त्याच कालनिर्णयवर तिसऱ्या रंगाने लिहा, मधल्या मोजक्या दिवसांवर लक्ष ठेवा, म्हणजे महिनाभर त्रास सोसावा लागणार नाही. वर्षभरात नाही राहिलं तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे दोघांनी जायचं, एकटीने नाही. हे शेवटचं वाक्य मी नवऱ्याकडे बघून म्हटलं, आणि सासूपर्यंत पोचवायची जबाबदारीही त्याच्यावर टाकली.

केसपेपरवर निदानाच्या जागी लिहिलं: पॉइस, आणि पुढे प्रश्नचिन्ह. ते प्रश्नचिन्ह महिन्याभराच्या नोंदींनंतर काढायचं की ठेवायचं ते बघू.

रात्री साडेनऊ

चिठ्ठी पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"असला आजार आम्हाला शिकवलाच नाही हो."

"मलाही नाही. आपण शिकलो तेव्हा बहुतेक पुस्तकांत नव्हताच."

"अहो, मग माझ्याकडे अजून एक आहे तसाच. रिक्षावाला. त्याला मी दर वेळी बी-कॉम्प्लेक्स देऊन घालवतो. पाठवू?"

"पाठवा, पण महिनाभराने. तोवर रोज लिहायला सांगा. कधी झालं, किती वेळाने दुखायला लागलं, किती दिवस राहिलं, त्या दिवशी कुठली गोळी घेतली होती. झोपेतलंही लिहायला सांगा, लाजेल, पण सांगा. आणि बी-कॉम्प्लेक्स तेवढं थांबवा."

"ते थांबवलं तर तो दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल."

"मग चालू ठेवा," मी म्हणालो, "पण लिहायला लावा."

ते हसले. वही पेशंटला स्वतः विकत घेऊन देतो म्हणाले.